अक्काचा टोमॅटो

कुसुमकाकीनं स्टीलचं ताट सतरंजीच्या मधोमध ठेवलं आणि वरचा रुमाल झटक्यात ओढला. ताटात चार टोमॅटो होते. एक लिंबाएवढा पिवळा, एक मिरचीसारखा लांबुळका, एक बोराएवढा आणि चौथा चपटा, गुलाबी, बुडाशी तडकलेला.

"वळखा बघू, कोन कोन हाय ते," काकी म्हणाली.

आम्ही माना पुढं केल्या. एरवी टोमॅटो दिसला की नाव सांगणाऱ्या बायका आम्ही, पण या चौघांपैकी एकही ओळखीचा निघेना.

"हे चारीबी अक्काचे टोमॅटो हायेत. एकाच पुडीतलं बी, माझ्याच परड्यात लावलेलं. आता बोला!"

पोह्यांच्या बश्या हातात तशाच राहिल्या.

ही गोष्ट साताऱ्यातली, आणि आता बरीच जुनी. तेव्हा आमची एक भिशी होती. पैशांची नव्हे, बियांची. महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं, डब्यातून चिठ्ठी काढायची, आणि जिचं नाव निघेल तिला बाकीच्यांनी आपापल्या घरच्या बियांची एकेक पुडी द्यायची. भेंडी, घेवडा, दुधी, काहीही चाले, पण सगळ्यांचा खरा जीव टोमॅटोत. बाजारातला लालभडक, गुळगुळीत, फेकला तर उसळी मारेल असा टोमॅटो आम्ही हातात धरत नसू. आमच्याकडे पिवळा मोसंबी होता, पट्ट्यापट्ट्यांचा वाघ्या होता, रझियाभाभीचा पावशेराला एक भरणारा पैलवान होता.

नियम सगळे काकीचे. बी घरच्या फळाचंच हवं, विकतचं चालणार नाही. भिशीतली एखादी बाई गेली तर तिची जागा तिच्या घरातल्या कुणीतरी चालवायची. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे दुसरीच्या झाडाला न विचारता हात लावायचा नाही. तो करावाच लागला होता, कारण घरोघर हिंडणाऱ्या बायका निघताना मोगऱ्याची एखादी काडी सहज पदराआड करतात, आणि वर चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं, असंही ऐकवतात. "असलं म्हननाऱ्यांनी दुसरी भिशी बघावी," असं काकीनं पहिल्याच वर्षी सुनावलं होतं.

लाटकरबाई भिशीत आल्या त्या जागा चालवायच्या नियमानं. त्यांची थोरली बहीण, जिला सगळं गाव अक्का म्हणे, ती भिशीच्या मूळच्या बायकांतली. टेलिफोन खात्यात नोकरी केलेली, मोठ्या आवाजाची, हुकमी. दोघी बहिणी बिनलग्नाच्या, यादोगोपाळ पेठेतल्या एका छोट्या घरात राहायच्या. अक्का वारल्यावर तिच्या जागी धाकटीनं यायला सुरुवात केली. या बाईंनी मला शाळेत हिंदी शिकवलेलं. पुढं माझं स्वतःचं झेरॉक्सचं दुकान झालं, मुलगी शाळेत जायला लागली, तरी बाई समोर आल्या की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

बाई भिशीत फारशा बोलत नसत. कोपऱ्यात बसून आमच्या खतामातीच्या गप्पांना मान हलवत. पण येताना दर वेळी एक डबा आणत, आणि त्यात अक्काच्या टोमॅटोच्या फोडी असत. रंग कोकमासारखा गडद, देठाशी हिरवट झाक, आणि चव अशी की पहिली फोड तोंडात गेली की गप्पा थांबायच्या. कुणालाही विचारलं तर साताऱ्यात यापेक्षा चांगला टोमॅटो नाही, असंच म्हणाली असती. त्याचं बी आम्ही सगळ्यांनीच बाईंकडून मागून नेलं होतं.

"माझ्याकडं पण असंच झालं," शेवटी एक जण हळूच म्हणाली. "मला वाटलं, माझ्याच पुड्यांची सरमिसळ झाली."

"आणि माझ्याकडं सगळे पिवळे. मी लाजेनं कुणाला बोलले नाही."

खरं म्हणजे माझीही तीच गत झाली होती. दोन रोपं लावली, एकाचे टोमॅटो बोराएवढे आले आणि दुसऱ्याचे इतके आंबट, की आमच्याकडे त्यांचं सार करायचीसुद्धा सोय नव्हती. मी मुकाट्यानं दोन्ही उपटली होती.

काकीनं पदर खोचला. "मी काय म्हनते ते ऐका. बाई बाजारचं बी आनून पुडीत भरत्यात आन् आपल्याला देत्यात. झाड खरं हाय, बी खोटं हाय. खरं बी सवताजवळ ठेवत्यात."

"बाई असं नाही करणार," मी म्हटलं.

"मग चार तोंडाचे चार टोमॅटो कुठनं आले? आभाळातनं पडले?"

बाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पुढची भिशी त्यांच्याच घरी होती, आणि तिथंच त्यांना सरळ विचारायचं, नीट उत्तर मिळालं नाही तर चिठ्ठीतून नाव काढायचं, असं ठरलं. मला ते फार लागलं. अक्का गेल्यापासून बाई भाजी, दूध आणि भिशी एवढ्याच कामांना घराबाहेर पडत होत्या. त्यातली भिशी काढली तर कुणाशी दोन शब्द बोलायची त्यांची जागाच उरली नसती.

"मी आधी जाऊन बघते," मी म्हटलं.

"तू?" काकी हसली. "बाईंसमोर तुझी दातखीळ बसती!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी मुळात भोचक. बाई खोटं बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं आणि ताटातले टोमॅटोही खोटं बोलत नव्हते. दोन्ही खरं कसं, हे कळल्याशिवाय मला घास गोड लागेना.

दोन दिवसांनी तब्येत विचारायच्या निमित्तानं मी बाईंकडे गेले. काळा चष्मा लावून त्या खाटेवर बसल्या होत्या. मी आणलेली मोसंबी त्यांच्या हातात दिली, डोळ्याची चौकशी केली, आणि गच्ची बघू का म्हणून विचारलं. त्या जरा घुटमळल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. भिंत धरत धरत माझ्याबरोबर वरही आल्या.

गच्चीवर एकूण एक कुंडीत एकच झाड होतं, अक्काचा टोमॅटो. वाघ्या नाही, मोसंबी नाही, भिशीत मिळालेल्या बियांपैकी एकही नाही. रोपं टाकायची पाटी नाही, चाळलेली माती नाही. कठड्याशी सावलीत काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या, आणि त्यांत पाण्यात टोमॅटोच्या फांद्या उभ्या होत्या. त्यांच्या बुडाला पांढरी मुळं फुटलेली.

"बाई, रोपं कुठं टाकता?"

"टाकते."

"पण कुठं?"

"हेमा, तू माझा डोळा बघायला आलीस की माझी परीक्षा घ्यायला?"

माझी पाठ ताठ झाली. मग त्याच म्हणाल्या, "आलीच आहेस तर पानं बघ गं जरा. मला अजून नीट दिसत नाही, पण हाताला निराळी लागतात."

मी वाकून पाहिलं. शेंड्याची पानं आत मुडपलेली, कडा पिवळ्या, आणि फांदीला हात लावला की पांढऱ्या माशांचा थवा उठत होता. चुरडामुरडा. आमच्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी त्याच्यापायी बाग उपटलेली.

"रोग आहे का?"

"आहे थोडा. औषध मारू आपण."

"त्याचा उपयोग होत नाही. मी फांदी मोडून नवी लावून पाहिली, तर तीही तशीच होते," बाई म्हणाल्या, आणि बोलू नये ते बोलून गेल्यासारख्या थांबल्या. मग विषय बदलत म्हणाल्या, "एवढी वर्षं फक्त माकडांचा त्रास होता. गेल्या वर्षी एका माकडानं चांगली फांदी मोडून नेली. एरवी फळ नेतात मेली, यानं फळाला हात लावला नाही आणि फांदीच नेली."

घरी येताना माझ्या डोक्यात त्या बरण्या घोळत होत्या. लाटकरबाई बी लावतच नाहीत, हे कळलं होतं. पण त्यानं कोडं सुटायच्या ऐवजी वाढलंच. संध्याकाळी मंडईत रझियाभाभीच्या गाळ्यावर जाऊन बसले. भाभीच्या सासरची माणसं पिढ्यान्पिढ्या भाजीच्या धंद्यात, आणि गिऱ्हाइकाला भाजी देता देता गप्पा मारायची तिला हौस. मी तिला बरण्यांचं सांगितलं.

"फांद्या लावतात? कधीपासून?"

"कोण जाणे. बहुतेक अक्का गेल्यापासून."

भाभीनं कोथिंबिरीवर पाणी मारायचं थांबवलं. "अगं, मग ते हायब्रीड असणार! आमच्या दिरानं एकदा शहाणपणा केला. बी विकत कशाला आणायचं म्हणून हायब्रीड टोमॅटोचंच बी धरलं आणि वावरात लावलं. झाडागणिक निराळा टोमॅटो! कुणी लांब, कुणी गोल, कुणी पिवळा. हायब्रीडचं बी धरलं की आज्या-पणज्यांची सगळी तोंडं बाहेर पडतात."

"आणि फांदी लावली तर?"

"फांदी म्हणजे ते झाडच की. त्यात कुठं कोण बदलणार?"

मी तिथंच टोपल्यांमध्ये उभी राहिले. कोडं सुटलं होतं, आणि सुटलं त्याच्या आत आणखी काहीतरी होतं. भाभीनं पिशवीत घातलेल्या मिरच्या मी तशाच विसरून निघाले, त्या तिला माझ्यामागे हाका मारून द्याव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी बाईंच्या दारात. या वेळी निमित्त शोधत बसले नाही. ताटातल्या चार टोमॅटोंपासून सगळं सांगून टाकलं. काकी काय म्हणाली तेही सांगितलं.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाजारचं बी मी कधी भरलं नाही. फळातून काढायचं, धुवायचं, वाळवायचं आणि तुम्हाला द्यायचं. पण कुसुमताईंचा राग खोटा नाही. मी लबाडी केलेलीच आहे."

"कसली?"

"मी आयुष्यात एकही बी पेरलेलं नाही, हेमा. अक्का मला बागेत येऊ द्यायची नाही. तुझा हात लागला की मरतं, म्हणायची. आणि मरायचंही. ती गेली तेव्हा महिन्याभरात मी सगळी बाग घालवली. कशाला किती पाणी घालायचं हेच माहीत नव्हतं. हे एकच झाड राहिलं होतं. वाऱ्यानं त्याची फांदी मोडून ओल्या मातीत पडली होती, ती माझ्याकडून उचलायची राहिली, तर ती जगली. तेवढीच एक विद्या मला आली. झाड थकलं की फांदी मोडायची आणि लावायची. बी लावायची कधी छाती झाली नाही. तुम्ही भिशीत रोपांच्या गोष्टी बोलता, मी मान हलवते. सगळं ढोंग गं. तिथं बसताना चोरासारखं वाटायचं."

"अक्कांनी हे कुठून आणलं होतं?"

"कोणा मैत्रिणीनं कुठूनसं पाकीट पाठवलं होतं. जाताना, म्हणजे आजारपणात, ती रोज विचारायची, माझा टोमॅटो आहे ना? मी आहे म्हणायचे. ती गेल्यावरही मला तेच वाटायचं, की ती विचारील." बाई थांबल्या. "म्हणून बी देत होते सगळ्यांना. माझ्या हातून मेलं तर कुणाकडे तरी राहील. आणि आता तू म्हणतेस, बियातून ते येतच नाही."

"बियातून नाही, बाई. पण तुमच्या कुंड्यांमध्ये आहे ना, ते अक्कांच्या झाडासारखं झाड नाहीये. ते तेच झाड आहे. त्यांनी त्यांच्या हातानं लावलेलं. ते मेलेलंच नाही अजून."

बाईंनी चष्मा काढला. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं, आणि माझ्याकडे त्यावर काही इलाज नव्हता. मलाही रडू येत होतं.

"तेच?" त्यांनी विचारलं.

"तेच."

"मग माझा हात लागला की सगळंच मरत नाही तर." त्या हसल्या. तसं हसताना मी त्यांना शाळेतही पाहिलं नव्हतं. आणि मग लगेच, शिकवताना विचारत तशा सरळ आवाजात त्यांनी विचारलं, "हा रोग फांदीतून फांदीत जातो का?"

बाईंशी खोटं बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. "जातो."

"सगळ्या कुंड्यांत आहे?"

"हो, बाई."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. "मग भिशीला मीच सांगेन," त्या म्हणाल्या. "मी अक्काच्या जागेवर आले होते. अक्काचंच राहिलं नाही, तर मी त्या जागेवर कशी बसू?"

भिशीचा दिवस उजाडला. बाईंच्या गच्चीवर सतरंजी घातली होती, आणि सतरंजीभोवती त्या आजारी कुंड्या. बायका नजरेनंच एकमेकींना खुणावत होत्या. काकी मधोमध बसली होती, बोलायच्या तयारीनं, पण बाईंनी तिला संधीच दिली नाही. उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. बी, फांदी, अक्का, रोग, अगदी फांदी नेणारं माकडसुद्धा. काहीही सावरून घेतलं नाही. "तुम्हाला दिलं ते बी खरं होतं, पण ते काय आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. हा टोमॅटो आता संपला. माझं नाव चिठ्ठीतून काढा."

रझियाभाभीनं डोळ्याला पदर लावला. कुणीतरी म्हणालं, औषध मारू, कुणी म्हणालं, एखादा शेंडा निरोगी असेल. सगळ्या जणी उठून कुंड्या धुंडाळू लागल्या. एकही शेंडा सरळ नव्हता.

काकी मात्र जागची हलली नाही. तिचा चेहरा पडला होता, आणि काकीचा चेहरा पडलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. मग ती उठली, चपला पायात अडकवल्या आणि एक अक्षर न बोलता जिना उतरून गेली.

"बघितलंस? अजून राग गेला नाही," कुणीतरी पुटपुटलं.

बाईंनी पोहे वाढले. चिठ्ठी काढायचंही कुणाला सुचलं नाही. निघावं की बसावं अशा विचारात होतो, तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. जिन्यावर धापा ऐकू आल्या, आणि आधी हिरवा शेंडा वर आला, मग कुंडी, मग काकी. छातीशी धरून आणलेली ती जड कुंडी तिनं बाईंच्या पायापाशी ठेवली.

गुडघ्याच्या वर आलेलं टोमॅटोचं झाड होतं. पानं सरळ, तकतकीत. खाली एक फळ पिकलेलं, कोकमाच्या रंगाचं, देठाशी हिरवट.

आम्ही सगळ्या त्या झाडाकडे आणि मग काकीकडे पाहू लागलो.

"गेल्या साली हितं भिशी होती तवा," काकी म्हणाली, आणि तिची नजर कुंडीवरनं हलेना. "बी काय लागंना. जीव लई गुतला होता त्याच्यात. जाताना मी मोडली फांदी. पदराखाली घेतली. परड्यात मागल्या बाजूला कुंडीत लावली, कुनी बगू नये म्हनून." तिनं कुंडीच्या काठावरची माती पुसली. "म्हनून तर मला ठावं होतं, झाड खरं हाय."

दुसरीच्या झाडाला हात लावू नये हा नियम कुणी केला होता, हे सगळ्यांना आठवत होतं, आणि काकीला सगळ्यांत जास्त.

"आता माझंबी नाव काढा," ती म्हणाली.

बाई खाली बसल्या. बोटांनी त्यांनी पान चाचपलं, एक, मग दुसरं, मग शेंडा. दिसत नव्हतं म्हणून की खात्री करायची होती म्हणून, कोण जाणे. मग त्यांनी मान वर केली.

"म्हणजे ते माकड तुम्ही होतात तर, कुसुमताई."

आधी रझियाभाभी फुटली. मग आम्ही सगळ्या. काकी हसत होती आणि रडत होती आणि पदरानं दोन्ही पुसत होती. बाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "माझ्या बहिणीला वाचवलंत हो तुम्ही," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर कुणाचंच नाव काढायचा विषय निघाला नाही. ते पिकलेलं फळ तिथंच कापलं, आणि प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम नखाएवढी फोड आली.

बाईंनी आजारी झाडं स्वतःच्या हातानं उपटली आणि काकीच्या कुंडीतनं पुन्हा सुरुवात केली. मला वाटलं होतं की आता त्या सगळ्यांना एकेक फांदी वाटतील. तसं झालं नाही. भिशीत बाई बीच देत राहिल्या, पुडीवर "काय निघेल सांगता येत नाही" असं लिहून, आणि त्यातनं कुणाला काय निघालं हे बघायची आम्हाला वेगळीच चटक लागली. फांदी मात्र त्यांनी कुणालाही कधी दिली नाही. मी मागितली तेव्हा म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम. घरच्या फळाचं बी."

मग काही दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. गच्चीवर झाड दाटून आलं होतं. बाईंनी मला तिथं बसवलं आणि जिन्याकडे वळल्या.

"मी चहा टाकते," त्या म्हणाल्या. "आज जरा वेळ लागेल. तू बस निवांत."

चहाला इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. वर येताना पायरीवर त्यांनी कप असा काही खणखणवला, की बहिऱ्यालाही ऐकू जावं. माझी पिशवी थोडी फुगलेली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुसुमकाकीही गेली. माझ्या गच्चीवर अक्काचा टोमॅटो आहे. कुणी नवीन मुलगी बी मागायला येते, फोड खाऊन गप्प होते आणि झाडाकडे बघत राहते. तेव्हा मी तिला कठड्याशी खुर्ची देते आणि चहा टाकायला आत जाते.